मावशी, तुमच्या वहीबद्दल

प्रिय मावशी,

तुम्ही म्हणाल, रोज भेटतो तर पत्र कशाला. पण मी ऑफिसातून येते तेव्हा तुमचा एक पाय चपलेत असतो, कात्रजची बस गाठायची असते. आणि समोर बसून मला हे बोलताही आलं नसतं. आत्यासारखं माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

आत्याला सांभाळायला ब्युरोकडून तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, "आत्याला तेविसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे. आवाज ऐकू येतात, त्यांच्याशी भांडते. घाबरू नका, तिचं तसंच असतं." हे शेवटचं वाक्य आमच्या घरात पंचेचाळीस वर्षं चालत आलेलं. आधी आजी म्हणायची, मग बाबा, मग मी. त्यात माया होती. पण त्या वाक्याच्या आड आम्ही तिच्याकडे नीट बघायचंच सोडून दिलं होतं.

त्या सुमाराला तिची भिंतीशी चालणारी भांडणं कमी झाली होती. उतारवयात आवाज कधीकधी मवाळ होतात, हे मी ऐकून होते, त्यामुळे मी खुशीत होते. तुम्ही मात्र महिन्याभरातच विचारलंत, "ताई, आजी वाती करता करता थांबतात. कापूस हातात असतो, पण पुढं काय करायचं ते सुचत नाही. हे आधीपासून आहे का?"

नव्हतं. आत्याच्या फुलवाती नारायण पेठेतल्या एका दुकानात जायच्या, शंभराची एक पुडी, हिशेब चोख. आजार ऐन भरात असतानाही तिची बोटं कधी अडखळली नव्हती. तरी मी तुम्हाला म्हणाले, "असेल, गोळ्यांनी सुस्ती येते."

मग कुड्या हरवल्या. "हिनंच घेतल्या," म्हणून आत्यानं तुमच्याकडे बोट दाखवलं आणि मी तुम्हाला पिशवी उघडायला लावली. डबा, रुमाल, बसचा पास, सगळं तुम्ही एकेक करून ओट्यावर मांडलंत, एक शब्द न बोलता. चार दिवसांनी कुड्या कापसाच्या डब्यात सापडल्या. मी माफी मागितली, पण ती घाईत, दारात उभी राहून. आज नीट मागते. माझं चुकलं, मावशी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही आलात आणि सोबत शंभर पानी वही आणलीत. पहिली नोंद माझ्यासमोर आहे: "सकाळी १० ला आजींनी चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला. ११ ला म्हणाल्या चोरला. दुपारी विसरल्या." आत्याचा जुना संशय एकाच गोष्टीवर अडलेला होता. शेजारच्या रेडिओतून तिच्याबद्दल बोलतात, हे ती पंचेचाळीस वर्षं त्याच शब्दांत सांगत आली. हा नवा संशय मात्र रोज नवी वस्तू, नवा चोर शोधायचा. हा फरक त्या वहीमुळे दिसला. ओंकारेश्वराला निघालेली आत्या झेड ब्रिजवर रडत सापडली, तो दिवसही त्यात आहे.

आधीच्या एका दवाखान्यात मी विसरभोळेपणाचा विषय काढला होता. "जुनाच आजार आहे," म्हणून दोन मिनिटांत आम्हाला बाहेर काढलं. या वेळी नव्या डॉक्टरांपुढे मी फक्त वही ठेवली. त्यांनी ती पंधरा मिनिटं वाचली. म्हणाले, स्किझोफ्रेनियात लक्ष आणि स्मरण आधीच थोडं उणं असतं, त्यामुळे कागद-पेन्सिलीच्या चाचणीतले मार्क एकटे पुरत नाहीत. पेशंटची तुलना त्याच्याच कालच्याशी करावी लागते, आणि तो काल रोज जवळ असणाऱ्यालाच माहीत असतो.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, बी-१२, थायरॉइड, सोडियम. लघवीही तपासली, कारण म्हाताऱ्या माणसाला साध्या जंतुसंसर्गानंही भ्रम होतो. एमआरआय झाला. हात थरथरू नयेत म्हणून ती वर्षानुवर्षं घेत होती ती ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळीही स्मरणशक्ती मंदावते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ती एकदम न थांबवता हळूहळू कमी केली. आत्या थोडी उजळली, पण उरलं ते डिमेन्शिया होतं, स्मरण आणि समज हळूहळू हरवत नेणारा आजार.

अमेरिकेत २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या ६६ व्या वर्षी स्किझोफ्रेनिया असलेल्या शंभरातल्या सुमारे २८ जणांच्या नोंदीत डिमेन्शियाचं निदान होतं. गंभीर मानसिक आजार नसलेल्यांत ते शंभरात एकाच्या आसपास. हा आकडा वाचला आणि मला राग आला. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, एकटेपणा, इतकी कारणं एकाच माणसावर चालून येतात, आणि घरचे आपले "तिचं तसंच असतं" म्हणत बसतात.

निदानानं आत्या बरी होणार नाही, हे मला कळतं. पण आता गॅस बाहेरून बंद करता येतो. बाथरूमच्या दारावर चित्र लावलंय. ती चोर म्हणाली की आपण वाद घालत नाही, तिच्यासोबत वस्तू शोधतो. हेही तुम्हीच आधी सुरू केलंत, डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

परवा तिनं तुम्हाला "वहिनी" म्हणून हाक मारली, माझ्या आईला मारायची तशी, आणि तुम्ही ओ दिलीत. मी आतल्या खोलीत होते. नंतर दोघी कापूस घेऊन बसलात. वात एकही झाली नाही, ती नुसती सरकी काढत होती आणि तुम्ही तिच्याशी तुमच्या नातवाबद्दल बोलत होतात.

वही संपत आली आहे. दोनशे पानी नवी आणून फ्रिजवर ठेवली आहे. आणि आता रविवारी सुट्टी घेत जा, पगार कापणार नाही. रविवारची पानं मी लिहीन.

तुमची,
ताई