मदतीचा बटवडा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वास्कोतील एका वाचकाचे पत्र आले होते. चर्चवाले मांगोर आणि बायणा भागात मदतीच्या पिशव्या वाटत फिरतात, हे धर्मांतराचे आमिष आहे, सरकारने चौकशी करावी, असा त्याचा सूर होता. ती पिशवी कोणी, कधी, कोणाच्या दारात ठेवली हे मात्र पत्रात कुठेच नव्हते. मी ती ठेवताना पाहिली आहे. एकदा तर ती माझ्याच खांद्यावर होती. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी निवृत्त पोस्टमन. ३१ वर्षे टपालाचा बटवडा केला, त्यातली शेवटची १४ वर्षे मांगोर हिल आणि नवेवाडेच्या बीटवर. मांगोर ज्यांनी फक्त खालच्या रस्त्यावरून पाहिले आहे त्यांच्यासाठी सांगतो. डोंगर कापून खोलीवर खोली चढवलेली. पायऱ्या संपल्या की वाट कोणाच्या तरी न्हाणीमागून जाते. एका घर क्रमांकाला अ, ब, क, मग अ-१, अ-२. त्यात पाच बिऱ्हाडे, आणि त्यांतली दोन दर पावसाळ्यात बदलणारी. पाकिटावर मात्र नाव आणि 'मांगोर हिल, वास्को, ४०३८०२' एवढेच. गदग, कोप्पळ, विजापूर इकडची माणसे. मनीऑर्डरचा जमाना होता तेव्हा गावी पैसे पाठवायचे फॉर्म मीच कित्येकांना भरून देत असे. शंभराला पाच रुपये कमिशन, आणि खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा. त्या दोन ओळींनी मला मोडकीतोडकी कन्नड शिकवली. घरी बोलताना मात्र मीही बाकीच्या वास्कोकरांसारखा त्यांना हिणवून 'घाटी' असेच म्हणायचो. खोटे कशाला बोलू.

दोन वर्षांमागे ऐन पावसात शेजारची आंटी माझ्या दारात आली. ही आंटी निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे गेलेले. हातात शाळकरी मुलांची असते तसली रेघांची वही. "पोस्टमनबाब, हें घर खंय आसा?" तिच्याबरोबर जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण होता. दोघे दोनदा मांगोर चढून घर न सापडल्याने परतले होते. मी वहीतला क्रमांक वाचला आणि हसलो. त्या क्रमांकाची चार दारे होती. म्हटले, चला, दाखवतो.

ही दोघे सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची. गोव्यात पॅरिशीपॅरिशीत, म्हणजे चर्चच्या प्रत्येक विभागात, तिच्या शाखा आहेत, त्यांना ते 'कॉन्फरन्स' म्हणतात. मला वाटायचे, पाद्री सांगतात आणि ही माणसे वाटतात. तसे नाही. ही सोसायटी पाद्रींची नाहीच, ती साध्या संसारी माणसांची आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कॉलेजच्या पोराने चार-पाच मित्रांना घेऊन ती सुरू केली. वय वर्षे २०. आदल्याच वर्षी त्या शहरात पटकीची मोठी साथ येऊन गेली होती. "तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो?" असे कोणीतरी वादसभेत टोचून विचारले आणि ते पोराला लागले. त्याने आणि एका मित्राने आपल्याकडे हिवाळ्यासाठी उरलेले जळण उचलले आणि एका गरिबाच्या खोलीवर नेऊन टाकले. हे मला आंटीने चढ चढताना, दर वळणावर थांबून दम खात सांगितले. ओझानाम पुढे प्राध्यापक झाला, चाळिशीतच गेला. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले.

त्यांच्या दोन रीती मला फार आवडल्या. एक म्हणजे एकट्याने कोणाच्या घरी जायचे नाही, जोडीने जायचे, आणि तिथे पाहिले-ऐकले ते बाहेर बोलायचे नाही. (म्हणूनच मीही या पत्रात त्या कुटुंबाचे नाव किंवा क्रमांक देत नाही. त्या बाईला विचारून, तिने हो म्हटल्यावरच एवढे लिहितो आहे.) दुसरी रीत बैठकीतल्या झोळीची. बैठकीत एक कापडी झोळी फिरते, प्रत्येकजण मूठ मिटून आत हात घालतो आणि बाहेर काढतो. कोणी शंभर टाकले, कोणी दहा, कोणी नुसताच हात घातला, कोणाला कळत नाही. आमच्याकडे देवळाच्या पायरीवर वडिलांच्या नावाची संगमरवरी फरशी आहे, ती बसवायला मी स्वतः ५,००० रुपये दिले होते, आणि नाव नीट कोरले नाही म्हणून कारागिराशी भांडलोही होतो. झोळीची गोष्ट ऐकताना ती फरशी डोळ्यांसमोर आली.

आता त्या घराविषयी. नवरा खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून आला, पुढे चालक झाला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. मग तो बांधकामावर लागला आणि स्लॅबवरून पडला. कंबर गेली. बायको चार घरची भांडी घासते. तीन मुले. सासू गावी. आम्ही गेलो तेव्हा खोलीत गळतीखाली तीन भांडी मांडलेली होती आणि भिंतीवर हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींची तसबीर. आंटीने चपला बाहेर काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसली. त्या गुडघ्यांनी बसली. तासाभरात तिने काय केले म्हणाल तर प्रश्न विचारले आणि वहीत लिहून घेतले. मी दुभाष्या.

त्या तासात जे निघाले ते असे. सरकारच्या स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड या कुटुंबाकडे होते. चार किंवा अधिक माणसांच्या घराला वर्षाला ४ लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय त्यात असते. कार्ड पत्र्याच्या पेटीत साडीखाली ठेवलेले, आणि मुदत संपून दीड वर्ष झालेले. नूतनीकरण करायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. गृहआधार या सरकारी योजनेचे महिना १,५०० रुपये बाईला मिळाले असते, पण त्याला गोव्यात १५ वर्षे वास्तव्य लागते आणि ती लग्न होऊन आल्याला ११ झालेली. थोरली मुलगी शाळेत जात होती, पण गावच्या शाळेचा दाखला नसल्याने तिचे नाव पटावर नव्हते. वर्गात बसायची, हजेरीत नसायची. पोसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात, साडेसहा हजारांची उधारी. यातली एकही गोष्ट त्या बाईने आपणहून सांगितली नसती. आपल्याला काय हवे हे तिला विचारणारेच कोणी आले नव्हते.

पुढच्या खेपेला मी शहाणपणा केला. आपणही काहीतरी न्यावे म्हणून दहा किलो उकडे तांदूळ खांद्यावर घेतले. बाईने हात जोडले, पिशवी कोपऱ्यात ठेवली. आंटीच्या पिशवीत जोंधळ्याचे पीठ होते. पहिल्याच दिवशी तिने 'जोळद हिट्टु' हे शब्द वहीत लिहून घेतले होते, आणि ते माझ्याच तोंडून! भाषांतर मी केले, ऐकले तिने. माझे तांदूळ महिन्यानंतरही त्याच कोपऱ्यात होते. भाकरी खाणाऱ्या माणसाने उकड्या तांदळाचे करायचे काय?

कार्डासाठी त्या तरुणाने अर्ध्या दिवसाच्या तीन रजा घातल्या. एका कार्यालयात त्याला 'तुमचा त्यांच्याशी संबंध काय' असे विचारले. तो म्हणाला, "शेजारी." वास्तविक तो सडा भागात राहतो. दाखल्यासाठी गावच्या मुख्याध्यापकांना कन्नडमध्ये पत्र हवे होते, ते इथल्या एका कन्नड शिक्षकाने लिहिले, पाठवले मी. पूर्वी असते तर रजिस्टर केले असते. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात गेले, त्याविषयी माझे मत विचारू नका, वेगळे पत्र होईल. २३ दिवसांनी उत्तर आले. बीटवरच्या नव्या पोस्टमनचा मला फोन: काका, हे घर कुठे? म्हटले, थांब, मीच येतो. निवृत्तीनंतर एवढा जोरात तो डोंगर मी चढलो नव्हतो.

आता धर्मांतराचे. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत इथे होते, आणि आमचा देव दामोदर मडगावहून झांबावलीला का गेला हे मला कोणी शिकवायला नको. मी त्याच दामोदराच्या वास्कोतल्या भजनी सप्ताहात लहानाचा मोठा झालो. तो इतिहास पुसावा असे मी म्हणत नाही. पत्रलेखकाला संशय आला यातही नवल नाही. पण दोन वर्षांत वीसेक वेळा मी त्या खोलीत बसलो. तिथे प्रार्थना झाली नाही, पुस्तक दिले गेले नाही, चर्चला या असे कोणी म्हटले नाही. तसबीर तिथेच आहे. एकदा तसबिरीसमोरच्या दिव्यात तेल नव्हते, तेव्हा पुढच्या पिशवीत तेलाची बाटली आली. मी आंटीला उतरताना सरळच विचारले की तुम्ही यांच्यासाठी प्रार्थना तरी करता का. म्हणाली, करते, घरी. त्यांच्यासमोर केली तर त्यांना 'आमेन' म्हणावे लागेल, आणि पीठ घेतलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

यापुढे मी काही विचारले नाही.

मी सोबत जाऊ लागण्याआधीचे, करोनाच्या साथीतले, २०२० च्या जूनचे थोडे सांगतो. १ जूनला मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र झाले. गोव्यातले पहिलेच. आत कोणी जायचे नाही, बाहेर कोणी यायचे नाही, आणि उरलेल्या वास्कोत मांगोरचे नाव काढले तरी माणसे दोन पावले मागे सरत. आंटीला जाता येईना. तिने त्या भागातल्या पोसरेकाराला फोन लावला आणि आपल्या वहीतल्या घरांची उधारीची पाने वाचून घेतली. बैठकी बंद म्हणून झोळी बंद. सभासदांनी आपापल्या घरी पाकिटे भरली. साथ सरल्यावर तिने त्या पोसऱ्यावर जाऊन हिशेब चुकता केला. कोणाचे किती फेडले ते त्या घरांना आजही माहीत नाही, मलाही पोसरेकाराकडून कळले.

आणि साथीचा विषय निघालाच आहे तर, आपला सप्ताह तरी कशातून आला? प्लेगच्या साथीतून. सव्वाशे वर्षांपूर्वी वास्कोतली माणसे हवालदिल होऊन झांबावलीला गेली, श्रीफळ घेऊन आली, अखंड भजन मांडले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सप्ताहाला आज किती गर्दी लोटते ते सांगायला नको. मांगोरची ही बाईही मुलांना घेऊन जत्रेत येते, बांगड्या घेते, दर्शनाच्या रांगेत उभी राहते. म्हणजे देवाच्या दारात ती आपली. मग तिच्या दारात आपण का नाही?

चौकशीची मागणी करणाऱ्या वाचकाला माझे सांगणे एवढेच, की स्पर्धा खुली आहे. आंटीच्या वहीत आज सात घरे आहेत. मांगोर, बायणा आणि खारीवाडा मिळून किती असतील याचा अंदाज कोणत्याही पोस्टमनला विचारा. तिच्या कॉन्फरन्समध्ये साठीच्या आतले दोघेच उरले आहेत. पोरे परदेशी गेली. या पावसाळ्यानंतर आपण डोंगर चढू शकू असे तिला वाटत नाही. सप्ताहात वास्कोतल्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, निघतात. बाजारकर, नाभिक, दैवज्ञ, विश्वकर्मा, गाडेकर, प्रत्येकाचा थाट वेगळा, चित्ररथ वेगळे. त्या खर्चातून एक पैसा कमी करा असे मी म्हणणार नाही, मला पार आवडतात. पण प्रत्येक पाराने दोन माणसे द्यावीत. पंधरवड्यातून एक संध्याकाळ. पिशवी नसली तरी चालेल, वही हवी. कार्डाची मुदत पाहायची, दाखला आहे का विचारायचे, पोसऱ्याची वही बघायची. फोटो काढायचा नाही.

आंटीची एक वही ती मला देणार आहे. सातांपैकी तीन घरे माझी झाली, पण मला जोडीदार नाही आणि एकट्याने जायचे नाही हा नियम तिने मलाही घातला आहे. कन्नड येणारा मिळाला तर फारच बरे. बुधवारी साडेचारला मी मांगोरच्या पायऱ्यांखालच्या चहाच्या गाड्यावर असतो. जोड्या तुम्ही ठरवा, घरे मी दाखवतो.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
वास्को