उत्तर काढून घेणारी पोरं

फलटण,
एप्रिलअखेर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मुलं कशी क्लिक करतात त्या नोंदींवरचं तुझ्या संशोधनाचं टिपण आधी आई म्हणून वाचलं, म्हणजे वरचं तुझं नाव बघत बसले. मग लाल पेन घेऊन बसले. तुझी आकडेमोड पटली, निष्कर्ष पटला नाही. फोनवर तू मधेच तोडतेस, म्हणून लिहून पाठवतेय.

शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूल अडलं की सूचनेचं बटण दाबतं. पहिली सूचना मोघम, दुसरी जरा स्पष्ट, आणि शेवटची तर उत्तरच सांगून टाकते. काही पोरं मधलं काहीही न वाचता टकाटक बटण दाबत शेवटाला जातात, आयतं उत्तर चौकटीत भरतात आणि पुढे सरकतात. त्यांना तू कामचुकारांच्या गटात टाकलंस. त्यावर तुझा उपाय काय, तर बटण काही सेकंद गोठवायचं. अगं, पोरं तेवढे सेकंद पंख्याकडे बघत बसतील आणि मग दाबतील. नाहीतर शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा टाकून बघतील. फळ्यासमोर आयुष्य गेलंय माझं, एवढं खात्रीनं सांगते.

आमच्याकडे संगणक न लावताही हे रोज चालतं. यंदा आठवीत बीडकडून आलेला एक मुलगा होता, आईबाप ऊसतोडीला. दिवाळीनंतर आला, कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की गेला. एका संख्येच्या तिपटीतून ७ वजा केले तर ११ उरतात, संख्या कोणती, एवढंच गणित. त्याला फळ्यापाशी बोलावलं. समीकरण नीट मांडलं त्यानं. मग सात पलीकडे न्यायची वेळ आली तेव्हा खडू फळ्यावर टेकवला, पण लिहिलं काहीच नाही. मान अर्धी वळवून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘वजा?’’ मी गप्प. तो लगेच, ‘‘नाही नाही, अधिक.’’ माझी भुवई हलली असणार. अधिक लिहून मोकळा. मग अठराला तीननं गुणायचं की भागायचं, तेही माझ्या तोंडावरूनच काढलं. उत्तर सहा, बरोबर. वर्गानं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तुझ्या संगणकानं ही तिन्ही पावलं बरोबर म्हणून नोंदवली असती. कामचुकार म्हणावं तर पोरगं तितकं लक्ष देऊन बघत होतं की वर्गात दुसरं कुणी बघत नाही. फक्त गणिताकडे नाही, माझ्याकडे. दर वर्षी अर्धं सत्र एका शाळेत आणि अर्धं दुसऱ्या शाळेत (किंवा कुठेच नाही), पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी कुठल्या गावात राहून गेली ते त्यालाही ठाऊक नाही. आपल्याला हे येणारच नाही असं एकदा मनानं घेतलं की मूल गणित सोडवणं सोडून देतं आणि मास्तर सोडवायला लागतं.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. तूच पाठवलेला रायन बेकर आणि मंडळींचा २००४ चा निबंध काढून बघ, तुमच्याच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा. त्यांनी वर्गात माणसं उभी केली. मुलांना कळू नये म्हणून ती डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेका मुलाकडे वीस-वीस सेकंद बघायची आणि नोंद करायची. गप्पा मारणारं, नुसतं बसून राहिलेलं, यंत्राला चकवून उत्तर काढणारं, सगळी वेगवेगळी नोंदली. गप्पांनी शिकण्याचं फारसं बिघडत नाही आणि चकवण्यानं चांगलंच बिघडतं, हे तू टिपणात घेतलंस. पण त्याच निबंधात पुढे कारणांची चर्चा आहे. विषयाचा कंटाळा हे कारण तितकंसं जुळत नाही, आपल्याला जमणारच नाही ही हतबलता किंवा नुसतं उत्तर बरोबर यावं ही धडपड जास्त जुळते, असं त्यांनी म्हटलंय. ते तू गाळलंस. मुद्दाम नसेल, पण तुझा सगळा उपाय कंटाळा धरून बेतलेला आहे.

त्यांनीच २००६ मध्ये पडद्यावर कुत्र्याचं पिल्लू बसवलं होतं ना, स्कूटर नावाचं? मूल नीट काम करत असेल तर खूश, चकवायला लागलं की रागावलेलं. मला त्याचं फुरंगटलेलं तोंड काही विशेष वाटलं नाही. पण ज्या पायरीवर मुलानं उत्तर ढापलं, नेमकी तीच पायरी वेगळ्या तऱ्हेनं पुन्हा सोडवायला ते द्यायचं, आणि असे जादा प्रश्न ज्यांना मिळाले त्यांचं शिकणं सुधारलं. हे मास्तरकीचं काम झालं. बटण गोठवणं हे वॉचमनचं काम.

मुलाला काय येतं याचा यंत्रानं अंदाज कसा बांधायचा, ते कॉर्बेट आणि अँडरसनचं १९९५ चं प्रकरण मात्र मनापासून आवडलं, तुझ्या बाबांनाही जेवताना समजावून सांगितलं. (त्यांनी तीनदा आमटी मागितली, म्हणजे किती कळलं ते तू समज.) एखादं कौशल्य मुलाला आधीपासून येत असण्याची शक्यता किती, प्रत्येक संधीला नव्यानं येण्याची किती, येत नसताना ठोकून दिलेलं बरोबर निघण्याची किती आणि येत असताना हातून चुकण्याची किती, हे चार आकडे धरून यंत्र दर उत्तरानंतर आपला अंदाज बदलतं. तो ०.९५ वर गेला की म्हणतं, आलं याला. पेपर तपासताना मी हेच करते, फक्त आकडे न मांडता. हुशार पोरीचं वजाचं चिन्ह राहिलं तर माझा हात अर्धा गुण कापताना अडखळतो, आणि मागच्या बाकावरच्याचं उत्तर बरोबर आलं की मी आधी शेजारच्याची वही बघते. पण यंत्राला शेजारची वही दिसत नाही. माझी भुवईही दिसत नाही.

म्हणून तो चष्म्याचा प्रयोग मला तुमच्या सगळ्या कामात उजवा वाटला. शिक्षकांना आधी विचारलं की तुम्हाला एखादी अचाट शक्ती मिळाली तर कोणती हवी, आणि मग त्यातून ल्युमिलो हे चष्म्यातलं साधन घडवलं. शिक्षक तो चष्मा घालून वर्गात फिरतो आणि कोण अडलंय, कोण चकवतंय, याची खूण त्या त्या मुलाच्या डोक्यावर तरंगताना दिसते. २०१८ मध्ये १८ वर्गांतल्या २८६ मुलांवर करून बघितलं, तेव्हा मागे पडलेली आणि पुढे असलेली यांच्यातलं अंतर कमी झालं. चष्म्यानं शिकवलं नाही, बाईंना योग्य बाकापाशी नेलं. आमच्या शाळेत असा चष्मा येईल तेव्हा येईल, आधी संगणक कक्षाची किल्ली वेळेवर सापडू दे. पण मला कुणी ती शक्ती विचारली, तर पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते नको. कुणी प्रयत्न सोडला आणि कुठल्या दिवशी सोडला, तेवढं कळलं तरी पुरे.

आता तुझ्या कामाचं. तुमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात नोंदी भरपूर आहेत, वर्गात जायची गरज नाही. त्यांना सांग की आठ-दहा पोरांच्या शेजारी बसायचंय. पालकांच्या संमतीचे कागद आणि विद्यापीठाच्या समितीची परवानगी यात वेळ जातो हे तूच सांगितलंस, आणि तिकडच्या शाळा जूनमध्ये बंद होतात. म्हणजे हातात फार दिवस नाहीत, लगेच अर्ज टाक. बसलीस की पोरांना प्रश्न विचारू नकोस. बटण दाबायच्या आधी पोरगं कुठे बघतं एवढंच बघ. काही गणिताकडे बघतील, काही घड्याळाकडे, काही शेजारच्याच्या पडद्यावर तो किती पुढे गेलाय ते बघतील. तिघांचे क्लिक तुझ्या फाईलमध्ये सारखेच दिसतात, आणि तिघांना तू एकच औषध देणार होतीस.

प्रस्तावनेतून शिक्षणतज्ज्ञ ब्लूमचं १९८४ चं वाक्यही काढ, किंवा निदान एकटं ठेवू नकोस. एकास एक शिकवलं की सामान्य मूल वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं, हे ज्याच्या त्याच्या प्रस्तावनेत असतं. २०११ मध्ये व्हॅनलेननं सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम त्याच्या निम्म्याहून कमी निघाला, ब्लूमचा ज्या मापात २ होता त्याच मापात ०.७९, आणि चांगल्या सॉफ्टवेअरचा जवळपास तेवढाच, ०.७६. तुझ्या कामाला हा आकडा जास्त पोषक आहे, आणि तोच तू घातला नाहीस!

बाकी इकडे सगळं ठीक. ऊन मरणाचं आहे, बाबा दुपारी बाहेर पडत नाहीत आणि घरात मला सुचू देत नाहीत. मेतकूट आणि सांडगी मिरची कुरिअरनं टाकलीय, लोणचं कुरिअरवाल्यांनी घेतलं नाही. आजीनं विचारलंय की तू तिकडे शिकतेस की शिकवतेस. मी दोन्ही म्हणाले, तर तिला पटलं नाही, दोनातलं एक सांग म्हणाली. तिला फोन कर.

ते जादा सरावाचे प्रश्न तुम्ही पायरीवार कसे तोडता, त्याचा एक नमुना मराठीत करून पाठव, पूर्णांकांचा चालेल. जूनमध्ये शाळा उघडली की नव्या आठवीला कागदावरच देऊन बघते. उत्तरं वेगळ्या फाईलमध्ये ठेव. बाबा प्रिंट काढायला दुकानात जातात, आणि तिथे आमची निम्मी आठवी उभी असते.

तुझी,
आई