निष्काळजी कोणाला म्हणता?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला पासवर्डवरचा लेख काल दुपारी वाचला. तेव्हाच पत्र लिहायला बसणार होतो, पण सौ. म्हणाल्या, "आधी जेवून घ्या, मग भांडा." म्हणून आज लिहितो आहे. मधे एक रात्र गेली तरी राग जिथल्या तिथे आहे.

लेखकाने कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डॉ. लॉरी क्रेनॉर यांचा फोटो छापला, सर्वसामान्यांना झेपेल अशी सुरक्षितता कशी असावी यावर त्यांनी केलेलं काम चार ओळींत उरकलं, आणि पाचव्या ओळीला गाडी वळवली ती थेट आमच्या अंगावर. 'ज्येष्ठ नागरिकांचा निष्काळजीपणा' काय, 'डायरीत लिहून ठेवायची जुनी खोड' काय! वर उपदेश, की पासवर्ड दर तीन महिन्यांनी न चुकता बदला. ज्या बाईंचा फोटो छापला त्यांनीच या सक्तीच्या बदलाविरुद्ध आवाज उठवला होता, हे लेखकमहाशयांच्या गावीही नसावं.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. माझी पेन्शन ज्या बँकेत जमा होते (नाव लिहीत नाही, लिहिलं तरी आपण छापणार नाही) तिथे दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. एक अक्षर कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि आधीचे तीन चालत नाहीत. माणसाने करावं काय? मी नातीचं नाव घेतलं, पुढे 'ॲट'चं चिन्ह, पुढे ०१. तीन महिन्यांनी ०२. सध्या ११ वर आहे. (हे छापून आलं की तोही बदलावा लागेल.)

आणि हा आळशीपणा एकट्या मिरजेतल्या म्हाताऱ्याचा नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातही दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती होती. तिथल्या बंद पडलेल्या खात्यांचे जुने पासवर्ड घेऊन संशोधकांनी २०१० साली अभ्यास केला. आधीचा पासवर्ड हाती असला, की १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचाच्या आत प्रयत्नांत ओळखता येत होता. म्हणजे तिथली शिकलीसवरलेली मंडळीही ०१ चं ०२ करत होती. क्रेनॉरबाई २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनमध्ये, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी कचेरीत, मुख्य तंत्रज्ञ म्हणून गेल्या, तेव्हा याच अभ्यासाचा दाखला देऊन त्यांनी सक्तीचा फेरविचार करा म्हणून जाहीर लिहिलं. गंमत अशी, की त्याच कचेरीत त्यांच्या वाट्याला सहा सरकारी पासवर्ड आले होते आणि ते दर ६० दिवसांनी बदलायचा हुकूम होता. मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली आहे, मला हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं.

पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेनेच सांगितलं, की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, आणि लोकांना तो 'पेस्ट' करू द्या. त्याच संस्थेत २००३ मध्ये पासवर्डचे हे जुने नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनी निवृत्त झाल्यावर का होईना, झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. आमच्या खात्यात निवृत्तीनंतरही कोणी 'चुकलो' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या बँकेत पेस्ट चालत नाही. गेल्या ३१ मार्चला घरपट्टी भरायला बसलो, तर पासवर्डची मुदत संपलेली. नवा दोनदा टाइप करायचा, तोही आंधळेपणाने, कारण समोर नुसते काळे ठिपके. तीनदा चुकलं आणि खातं कुलूपबंद. धावत शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, मोबाइल बघा, ओटीपी आला असेल. सांगा." डोक्यावर पंखा खडखडत होता, तिला ऐकू जाईना. मी सहाचे सहा आकडे ओरडून सांगितले. दोनदा. पाठीमागे ही रांग. आणि माझ्या नाकासमोर काचेवर चिकटवलेलं: 'ओटीपी कोणालाही सांगू नका. बँक कर्मचाऱ्यालाही नाही.' मी त्यावर बोट ठेवलं तर म्हणते, "ते फोनवर विचारलं तर हो, आजोबा." तिच्यावर माझा राग नाही, तिची पद्धत तिने थोडीच ठरवली? पण खातं उघडलं दुसऱ्या दिवशी, आणि शास्ती भरली मी.

निष्काळजीपणाचंच म्हणाल, तर २०१६ मध्ये एक तोतयी बाई क्रेनॉरबाईंच्या नावाचं बनावट ओळखपत्र घेऊन मोबाइलच्या दुकानात गेली आणि त्यांच्या खात्यावर नवेकोरे आयफोन घेऊन बाहेर पडली. नंबर त्या नव्या फोनवर गेला आणि इकडे क्रेनॉरबाईंचा फोन मुका. हे त्यांनी स्वतःच लिहून जाहीर केलं. लेखकाच्या हिशेबाने त्याही निष्काळजीच म्हणायच्या का?

त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केलेले पोन्नुरंगम कुमारगुरू हैदराबादच्या ट्रिपल आयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेत शिकवतात. खोटा ईमेल लोकांनी ओळखावा म्हणून त्यांनी काय केलं? मुद्दाम तसाच एक ईमेल पाठवायचा, आणि माणूस फसला की तिथल्या तिथे चित्रांतून समजावायचं. लेखकाने त्यांना एक फोन केला असता तर आम्हाला खोडकर पोरांसारखं कोपऱ्यात उभं करायची वेळ आली नसती.

जाता जाता. ते दहा 'सोपे उपाय' आपण फिक्या निळ्या चौकटीत पांढऱ्या बारीक अक्षरांत छापले आहेत. गच्चीवर उन्हात भिंग लावून सहापर्यंत वाचले. सातवा नातीलाही लागला नाही, आणि तिला चष्मा नाही. शिवाय शनिवारच्या शब्दकोड्याची उत्तरं आज सोमवार उजाडला तरी आलेली नाहीत. माझं आडवं १४ अडलं आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज