व्हीआर गेमसाठी वेगळे नियम हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या व्हिडिओ गेमविषयी वर्तमानपत्रांतून जी चर्चा होते, तिचा जवळजवळ सगळा भर तासांवर असतो: मोबाइल किती वेळ हातात असावा, परीक्षेच्या दिवसांत संगणक बंद ठेवावा का, वगैरे. मुंबईच्या मॉलमधील गेम झोनमध्ये व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचे पडदे, आता चांगलेच रुळले आहेत आणि काही घरांतही ते पोहोचले आहेत. त्यांच्या बाबतीत केवळ तास मोजून भागणार नाही, कारण तेथे खेळणाऱ्याचे संपूर्ण शरीरच खेळात ओढले जाते.

टीव्हीवरच्या खेळात आपण मान कोठेही वळवली तरी समोरचे दृश्य बदलत नाही. ते वळवायचे तर अंगठ्याने कळ दाबावी लागते. हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे दृश्याला खोली येते आणि डोके वळले, झुकले किंवा खाली वाकले की दृश्यही त्याच क्षणी तसे बदलते. यांतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निन्टेन्डो कंपनीने 1995 मध्ये 'व्हर्च्युअल बॉय' नावाचे, लाल-काळी चित्रे दाखवणारे यंत्र बाजारात आणले होते. त्यात दृश्याची खोली जाणवत असे, पण डोक्याची हालचाल त्याला कळत नसे, आणि ते वर्षभरातच बंद पडले. 2016 मध्ये ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि प्लेस्टेशन व्हीआर हे हेडसेट आले, ते सेकंदाला 90 किंवा त्याहून अधिक चित्रे दाखवत आणि डोक्याच्या हालचालीचा सतत माग घेत. 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' या 2020 च्या खेळात तर खण ओढून उघडणे, वस्तू उचलून निरखणे, बंदुकीत गोळ्या भरणे हे सारे हातांनी करावे लागते. असा खेळ अर्धा तास खेळलेल्या माणसाला आपण काही पाहिले असे वाटत नाही, आपण कोठेतरी जाऊन आलो असे वाटते. या अनुभवाचे मला मनापासून कौतुक आहे, हे येथेच सांगून टाकतो.

मात्र, शरीर गुंतले की शरीराच्या तक्रारीही आल्या. बोरघाटातून जाणाऱ्या एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते, कारण डोळ्यांसमोरचे पान स्थिर असते आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र वळणे नोंदवत असते. हेडसेटमध्ये नेमके उलटे घडते: डोळे धावत असतात आणि शरीर खुर्चीत असते. ज्या खेळात आपण एका जागी उभे राहून हात चालवतो, उदाहरणार्थ तालावर ठोकळे कापायचा 'बीट सेबर', त्यात हा त्रास सहसा होत नाही; रोलर कोस्टर किंवा मोटारशर्यतीत तो नवख्याला अनेकदा गाठतो. म्हणूनच अनेक खेळांत चालण्याऐवजी इच्छित जागी क्षणात उडी घेण्याची सोय असते किंवा वेग वाढला की दृश्याच्या कडा झाकल्या जातात. डोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. जवळची वस्तू दिसली की दोन्ही डोळे आत वळतात, पण हेडसेटच्या भिंगांमुळे चित्र एकाच ठरावीक अंतरावर असल्यासारखे दिसते, त्यामुळे त्यांना नजर मात्र त्याच अंतरावर स्थिर ठेवावी लागते. या ओढाताणीने डोळे थकतात.

मुंबईत त्यात जागेचा प्रश्न मिसळतो. उभ्याने फिरून खेळायच्या खेळांसाठी साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे सुमारे 43 चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग, तोही कपाट, पलंग आणि माणसे वगळून, कोणी कोठून काढायचा? आखलेली सीमा जवळ आली की हेडसेट इशारा देतो, पण डोळे झाकलेल्या खेळाडूच्या हाताच्या टप्प्यात मध्येच आलेल्या धाकट्या भावंडाला त्या इशाऱ्याचा उपयोग नाही. तेव्हा येथील बहुसंख्य मुले हा खेळ गेम झोनमध्येच खेळणार आणि जबाबदारीही तेथील चालकांकडेच जाणार.

ती कशी पार पाडली जाते, ते मी पश्चिम उपनगरातील एका गेम झोनमध्ये पाहिले. माझ्या सात वर्षांच्या भाचीला वय न विचारता, आधीच्या खेळाडूच्या घामाने ओला झालेला हेडसेट न पुसता, थेट रोलर कोस्टरवर बसवले गेले. प्लेस्टेशन व्हीआर बनवणाऱ्या सोनीने आपला हेडसेट 12 वर्षांखालील मुलांसाठी नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटाने 2023 मध्ये आपली किमान वयाची मर्यादा 13 वरून 10 वर्षांवर आणली, तीही पालकांच्या देखरेखीतील खात्यासह. भिंगांचेही तसेच. मेटाच्या क्वेस्ट 2 या हेडसेटमध्ये भिंगांमधील अंतर 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीनच जागी बसते, आणि लहान मुलाच्या डोळ्यांतील बाहुल्यांमधील अंतर त्यांतल्या सर्वांत लहान मापापेक्षाही कमी असू शकते. पालकांना हे कोणी सांगत नाही. तिकीट मात्र आधी घेतले जाते.

गेम झोन चालकांनी वयाची अट तिकीटखिडकीवर मराठीत लावावी, प्रत्येक खेळाडूनंतर चेहऱ्याला टेकणारा भाग पुसावा, भिंगांचे अंतर जुळवून द्यावे, चष्मा लावणाऱ्यांसाठी वेगळी सोय ठेवावी आणि आतले दृश्य बाहेरच्या टीव्हीवर दाखवावे, म्हणजे पालकांना मूल काय पाहते आहे ते कळेल. शिवाय कोणता खेळ खेळायचा हे मुलाने ठरवले तरी नवख्याला पहिला खेळ बसल्या जागेचा, संथ आणि थोड्या मिनिटांचाच द्यावा, आणि मध्येच मळमळू लागल्यास उरलेले पैसे परत करावेत, म्हणजे पैसे वाया जातील या धास्तीने कोणी मुलाला 'थोडे सहन कर' म्हणणार नाही.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई