कार्बोरेटरचे बारा तास

प्रिय सुध्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तब्येत बरी, कंबर तशीच, गोळ्या चालू. झालं.

आमच्या मेकॅनिकच्या नव्या बॅचचा अभ्यासक्रम ठरतोय. सगळ्यांचं म्हणणं एकच, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीच्या पॉइंटचे बारा तास काढा आणि तिथे गाडीचा कंप्युटर वाचणारा स्कॅनर घाला. त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही, हीच पंचाईत. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास, तेही क्षणाक्षणाला दुरुस्त करत राखायची वेळ आली. ते कार्बोरेटरच्या जेटच्या, पेट्रोल सोडणाऱ्या ठरलेल्या मापाच्या भोकाला झेपणारं काम नव्हतंच. मग अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून स्कॅनर जोडायचं, ओबीडी-२ चं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना २००१ पासून. तू अजूनही म्हणशील की कार्बोरेटरवर अन्याय झाला. नाही झाला. तो वाद मी कधीच जिंकलोय, अण्णांना विचार.

पण परवा एक पोरगा एकाच गाडीचा ऑक्सिजन सेन्सर, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन मोजणारा, दुसऱ्यांदा बदलत होता. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सेन्सर लीन सांगतोय, म्हणजे सेन्सर गेला, असं त्याचं गणित. ताप उतरेना म्हणून थर्मामीटर बदलायचा, तशातला प्रकार. हे तुलाच लिहावंसं वाटलं, कारण बाकीचे हसतील आणि तू चिडशील.

त्याच्या हातातल्या स्कॅनरवर उत्तर होतं रे. फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते आकडे, बघायचे, शॉर्ट (क्षणाचा) आणि लाँग (मुरलेला) दोन्ही, आणि त्यांची बेरीज करायची. आयडलला बेरीज अधिक २५ टक्के आणि २५०० आरपीएमला उतरून ५ वर आली, तर व्हॅक्युम लीक. आयडलला थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमधली ओढ जबर आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे फटीतून शिरलेल्या चोरट्या हवेचा वाटा मोठा. रेस दिली की हवा वाढते, फट तेवढीच राहते. उलट आयडलला ठीक आणि लोड आला की ट्रिम चढतोय, तर पंपाचं प्रेशर, फिल्टर किंवा मळलेला हवामापक सेन्सर बघायचा. ज्या गाडीत हवामापक नाही, नुसता मॅनिफोल्डचा दाब मोजतात, तिथे हा ठोकताळा चालत नाही. फट पडली तर आयडलच वर जातो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप फुटला असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि खोटं लीन दिसतं. सेन्सर खरंच मेलाय का, हे कळायला साधा जुना सेन्सर असेल तर इनटेकमध्ये थोडा प्रोपेन सोडायचा. व्होल्टेज झटकन ०.८ च्या वर गेलं, की तो जिवंत.

हे सगळं त्याला सांगितलं. त्याने लिहूनही घेतलं. पण "लीन" म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. त्याच्यासाठी तो पडद्यावरचा शब्द आहे. आपल्याला तो कानाने कळला होता. इंजिन गरम करायचं, मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. (हलक्या हाताने. तू आवळून सुईच्या टोकावर कडं पाडायचास, ते मी विसरलेलो नाही.) तिथून थोडा थोडा आत घेत गेलं की आवाज पातळ होतो, गाडी अडखळते, रेस दिली तर कार्बोरेटरमध्ये शिंकते. ते लीन. बाहेर घेत गेलं की जड, घुमा आवाज, प्लग काळे. ते रिच. पंधरा मिनिटांचा धडा, आणि पुढे ट्रिमचे आकडे वाचताना कानात तोच आवाज येतो.

पॉइंटचंही तसंच. फिलर गेजने ०.४ मिमी गॅप लावायची. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली की गॅप मिटते, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) वाढतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. एक माप बिघडलं की दुसरी दोन कशी सरकतात, हे डोळ्यांना दिसतं. आताची कॉइल प्लगवरच बसते, आत बघायला काही नाही.

मला नव्याचा राग नाही. इरिडियम प्लग लाखभर किलोमीटर जातो, चोक ओढून गाडीची मनधरणी करावी लागत नाही, एबीएस आहे, एअरबॅग आहे. राग आहे तो झाकणाचा. बॉनेट उघडलं की प्लास्टिक. मागची ब्रेक पॅड बदलायची तर इलेक्ट्रिक हँडब्रेक आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये न्यायचा. ब्रेकचा पिस्टन शिकंज्याने तसाच दाबला तर मोटरचे गिअर तुटतात. पुढची काच बदलली तर काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. स्टार्ट-स्टॉपची बॅटरी बदलली तर कित्येक गाड्यांत ती कंप्युटरला कळवावी लागते, नाहीतर तो जुनीच समजून चार्ज करत राहतो.

आणि हौस बघ! तेव्हाचे हौशी जेट बदलायचे. आताचे रिमची साइज. १५५/८० आर१३ च्या टायरची भिंत १२४ मिमी, २१५/४५ आर१७ ची ९७. खड्ड्यात रिम आणि दगडात टायर चिमटतो, आतले धागे तुटतात, बाजूला फुगा येतो. मग म्हणतात, टायर खराब निघाला.

तर मी ठरवलंय. बारापैकी चार तास राखायचे आणि स्कॅनरच्या आधी ठेवायचे. पहिल्या दिवशी कार्बोरेटर आधी टेबलावर, मग चालू इंजिनवर, स्क्रू पोरांच्या हातात. इतरांना पटवायचं कसं ते बघतो. तू बैठकीत असतास तर भांडून मिळवलं असतंस आणि वर दोघांशी अबोला धरला असतास.

तुझं काय? घराचं काम संपलं का? मुलीचा निकाल ऐकला, तिला शाबासकी सांग. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते लिही, पण दोन ओळींत.

आणि तुझ्या माळ्यावरचा तो डबल बॅरल कार्बोरेटर मला हवाय. नाही म्हणू नकोस, तो मुळात माझाच. फ्लोटची सुई वेगळी काढून कागदात गुंडाळ, वाटेत हरवते. अख्खा डिस्ट्रिब्युटर असेल तर तोही दे, कंडेन्सर गेलेला असला तरी चालेल. जळलेले पॉइंट पोरांना दाखवायला बरे पडतील.

तुझा,
नंदू