दुखण्यामुळे मुलाचं काय काय अडतं, तेही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोकं, पोट, पाठ किंवा सांधे तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिले किंवा पुन्हा पुन्हा दुखले, तर त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले आले तरी ती असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. तरीही रिपोर्ट नॉर्मल आले की शाळेत आणि घरातही 'नाटकं करते' असं सर्रास म्हटलं जातं. मुलांना हे फार लागतं.

माझ्या भाचीचं पोट वर्षभर दुखतंय. ती तेरा वर्षांची आहे. दर खेपेला तिला एकच विचारलं जायचं, 'दहापैकी किती दुखतंय?' ती म्हणायची, 'सहा.' उपचार बदलले, तरी 'सहा'च. म्हणजे गुण नाही, असा निष्कर्ष निघाला. पण याच दिवसांत ती अर्ध्या पोळीवरून दोन पोळ्यांवर आली होती, मधल्या सुट्टीत घरी फोन करून 'न्यायला ये' म्हणणं थांबलं होतं आणि मैत्रिणींबरोबर राजवाड्याला खरेदीलाही जाऊन आली होती. कागदावर यातलं काहीच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. अशा मुलांचं हिंडणं-फिरणं, शाळा आधी सुधारते आणि वेदना मागाहून कमी होते, असं पुष्कळदा घडतं.

हे विचारण्याची साधनं आहेत. लिन वॉकर आणि जॉन ग्रीन यांनी १९९१ साली 'फंक्शनल डिसॅबिलिटी इन्व्हेंटरी' ही प्रश्नावली मांडली. जिने चढणं, दिवसभर शाळेत बसणं, गृहपाठ, घरातली कामं, नीट जेवणं, रात्री झोप लागणं अशा १५ गोष्टी जमायला किती त्रास होतो, त्याला प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ६०. सुस्मिता काशीकर-झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याच्या पायऱ्या ठरवल्या: १२ पर्यंत अडचण नगण्य, १३ ते २९ मध्यम, ३० आणि पुढे गंभीर. मुलासाठी वेगळा कागद, पालकांसाठी वेगळा. हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे डॉक्टर मुलाला विचारतात आणि उत्तर आई देते. दोन्ही कागदांत फरक पडला तर तो फरकच बोलण्याचा विषय व्हायला हवा.

अर्थात आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. सुट्ट्यांत भरून घेतला तर शाळेचा प्रश्नच निरर्थक ठरतो. दात-ओठ खाऊन परीक्षा देणारी, मग दोन दिवस अंथरुणाला खिळणारी मुलगी कमी गुणांत सुटून जाते. मनावरचा ताण तर वेगळाच तपासावा लागतो. शिवाय मूळ प्रश्नांत फुटबॉलच्या मैदानाची लांबी चालण्या-धावण्याचे प्रश्न आहेत. आपल्या मुलांना मांडी घालून जेवायला बसता येतं का, शौचाला उकिडवं बसता येतं का, हे विचारायला हवं. मात्र घरबसल्या प्रश्न बदलून चालणार नाही, बदललेले प्रश्न मुलांवर पुन्हा तपासावे लागतात. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागाने हे काम हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर शाळांनी एवढं तरी करावं: डॉक्टरांच्या दाखल्यावर फक्त 'पोटदुखी' लिहून न घेता मुलाला काय जमत नाही, ते लिहून मागावं. जिना जमत नसेल तर त्या तुकडीचा वर्ग तळमजल्यावर आणता येतो, सलग बसणं जमत नसेल तर तासाच्या मध्येच उठायची मुभा देता येते. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर