लोलक पाठवतेय

सांगली, गावभाग
श्रावण

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारणार नाही. बाबा म्हणतात रेंजच गेली, बामणोलीला जातेच. तू रोज लाँचने पाण्यापलीकडे शाळेत शिकवायला जातेस, तो विषय पुन्हा काढायचा नाही असं त्यांना कबूल केलंय, म्हणून हे पत्र फक्त तुझ्या उजेडाच्या पाठाबद्दल.

ऐन वेळी ढग आले आणि पाठ फसला, त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं? कोयनेच्या खोऱ्यात श्रावणात ऊन मागून मिळतं होय? माईंच्या झुंबराचा शेवटचा लोलक पाठवतेय. (बाकीचे कुठे गेले ते तुला माहीत आहे, तो विषय नको.) एका कडेचा टवका उडालाय, पण रंग अजून स्वच्छ पाडतो. सकाळचं तिरपं ऊन दारातून आत येतं तेव्हा धर आणि समोर पांढरा कागद ठेव. कागद लांब नेलास की पट्टा रुंद होईल पण फिका पडेल, ते पोरांनाच करून बघू दे. आणि लगेच ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून घेऊ नकोस गं. आधी विचार, तुला किती दिसतात? कुणी चार म्हणेल, कुणी सहा. चूक कुणाचंच नाही, कारण पट्ट्यात मध्ये रेघा कुठे मारलेल्या असतात? न्यूटननंसुद्धा आधी पाचच धरले होते, नारिंगी आणि पारवा मागाहून घातले, सात सुरांशी मेळ बसावा म्हणून. हे तूच मला डी.एड.ला असताना सांगितलंस.

लोलक एकच, पोरं अठरा. भांडणं होतील. म्हणून परातीत पाणी घे, त्यात आरसा तिरका टेकव आणि उन्हात ठेव. पाणी निवळलं की भिंतीवर रंग येतात. मात्र आरशात कुणी डोकावायचं नाही आणि लोलकातून सूर्याकडे कुणी बघायचं नाही, हे दहादा बजाव. डोळा एकदा भाजला की परत येईलच असं नाही. परातीतलं पाणी बरं, हात घातला की तळ लागतो. तुमच्या शिवसागराचं, कोयनेच्या त्या जलाशयाचं, तसं नाही. २०१९च्या पुरात इथे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ गावाला बोट उलटली तेव्हा तू पुण्यात होतीस. आम्ही इथे होतो. माणसं जास्त बसली होती, एवढंच कारण झालं. बघ, काढलाच विषय. बाबांना सांगू नकोस.

त्याच पुरात दुकानात पाणी शिरलं होतं, आठवतं? फॉलचे गठ्ठे चार दिवस पाण्यात. राणी, मोरपंखी, लिंबू, सगळ्यांनी एकमेकांत रंग सोडले आणि शेवटी काय उरलं तर मातकट काळपट चिंध्या. रंगपेटीतले सगळे रंग एकत्र केले की पोरांचंही तेच होतं. उजेडाचे रंग एकत्र आले की मात्र पांढरा. पोरांना हे खोटं वाटणारच. कापडावरचा रंग उजेडातला काही भाग गिळतो आणि उरलेला परत देतो. दहा रंग एकत्र आले की दहा जण गिळणार, मग परत द्यायला उरतंय काय? पुठ्ठ्याची सात रंगांची भिंगरी करून फिरवशीलच, पण ती स्वच्छ पांढरी दिसेल असं आधी सांगून बसू नकोस. करडीच दिसते.

मी काय करते ते तू लहानपणापासून बघितलंयस. गिऱ्हाईक साडी टाकतं, मी ट्यूबखाली फॉल लावून बघते, अगदी एकजीव. तोच जोड रस्त्यावर उन्हात नेला की साडी जांभळी आणि फॉल विटकरी. ट्यूबच्या उजेडात सगळे रंग उन्हासारखे सारखे भरलेले नसतात, आणि जो रंग उजेडातच नाही तो कापड कुठून परत देणार? म्हणून मी अजून प्रत्येक साडी दारात नेऊन बघते. पोरांना चार रंगांच्या चिंध्या दे, आधी खोलीत जुळवायला सांग, मग अंगणात. चिंध्याही पार्सलमध्ये घातल्यात. शिकवणारी तू आणि धडा देतेय मी, माफ कर. गिऱ्हाइकांनाही सांगत असते, आमची मनू पाण्यापलीकडे शाळा शिकवते. सांगताना मान ताठ होते, आणि ‘पाण्यापलीकडे’ म्हटलं की पोटात कालवतं.

तो पानं चॉकलेटी रंगवणारा पोरगा. त्याला रागावलीस म्हणालीस. मनू, तुझ्या मामाचं रेल्वेचं मेडिकल आठव. लाल-हिरव्याचा गोंधळ मुलग्यांत मुलींपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो आईकडून येतो. मामाला आमच्या शाळेत त्यासाठी छड्या बसल्या होत्या. त्या पोराच्या खडूंवर रंगांची नावं लिहून दे, आणि त्याच्या आईला शांतपणे सांग.

ऊन नसलं तर कवडसे दाखवता यायचे नाहीत, पण उघडीप झाली की कौलांतून पडतातच. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे मात्र थोडक्यात हुकलं, खंडग्रासच दिसलं. माईंनी आम्हाला माजघरात कोंडलं होतं. सारवलेल्या जमिनीवर कौलाच्या भोकातून रोज लिंबाएवढे गोल कवडसे पडायचे, आणि त्या दुपारी बघता बघता सगळ्यांच्या चंद्रकोरी झाल्या. मी बोट लावायला गेले तर माईंनी हात मागे ओढला. कित्येक वर्षांनी कळलं की भोक बारीक असलं तर ते चौकोनी असो की तिकोनी, खाली पडतं ते सूर्याचं चित्र. माईंना सांगायचं राहिलं.

इंद्रधनुष्य दुपारी शोधू नकोस. सूर्य ४२ अंशांच्या वर असला की सपाटीवरून ते दिसतच नाही. साडेचारनंतर सूर्याकडे पाठ करून पूर्वेला बघायचं. म्हणजे नेमकी तू लाँचमध्ये असताना. दिसलं तर बसल्या जागेवरून बघ. उभं राहून फोटो काढू नकोस.

पार्सलमध्ये लाइफ जॅकेट आहे. हो, घेतलं. हसलीस तरी चालेल, पण घाल. केशरी आहे, पाण्यात लांबून दिसतं.

शनिवारी मामा साताऱ्याहून हे सगळं घेऊन येतोय. त्याला त्या पोराशी बोलू दे. सिग्नलला कुठला दिवा वर आणि कुठला खाली, यावर तो आयुष्यभर गाडी कशी चालवतोय ते त्यालाच सांगू दे. आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ त्याला अर्धा तास आधीची सांग. लाँचवाल्याला म्हणावं, त्यालाही जॅकेट द्या.

तुझी,
आई